दोन चौरसांची गोष्ट : नवी कला मुलांच्या हाती देणारे पुस्तक

१/ आपल्याच काळातील, मोठ्यांनाही न उमगणारी कला मुलांपर्यंत कशी न्यावी? शंभर वर्षांपूर्वी एल लिसित्स्की (१८९०–१९४१) या रशियन चित्रकाराने या प्रश्नाचे उत्तर एका लहानशा पुस्तकातून दिले. त्याचाच हा इतिहास.

२/ १९१५ साली पेत्रोग्रादच्या एका प्रदर्शनात काझिमिर मालेविच यांनी पांढऱ्या पृष्ठभूमीवर केवळ एक काळा चौरस मांडला. माणूस नाही, झाड नाही. केवळ आकार आणि रंग. या कलेस त्यांनी ‘सुप्रीमॅटिझम’ असे नाव दिले.

३/ १९१९ मध्ये मार्क शागाल यांच्या निमंत्रणावरून लिसित्स्की व्हितेब्स्क (आजचे बेलारूस) येथील कलाशाळेत शिकवू लागले. पाठोपाठ मालेविचही तेथे आले. तोवर यिद्दिश बालपुस्तकांसाठी लोककलेच्या वळणाची चित्रे काढणारे लिसित्स्की आता भूमितीकडे वळले.

४/ १९२० मध्ये त्यांनी ‘दोन चौरसांची गोष्ट’ रचली. ती १९२२ मध्ये बर्लिन येथे प्रसिद्ध झाली. लाल आणि काळा असे दोन चौरस दुरून पृथ्वीकडे येतात. तेथे काळा गोंधळ माजलेला असतो. आघात होतो, सारे विखुरते आणि काळ्यावर लाल रचना उभी राहते. अवघ्या सहा चित्रांत गोष्ट संपते.

५/ लिसित्स्की जर्मनीत वास्तुकला शिकलेले होते. पुस्तकाचे पानही त्यांनी इमारतीसारखे बांधले. अक्षरे लहानमोठी होतात, ओळी तिरक्या धावतात. मजकूर हाही चित्राचाच भाग होतो.

६/ आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. नुसते वाचत बसू नका, कागद आणि लाकडी ठोकळे घ्या, घड्या घाला, रंगवा, बांधा, असे हे पुस्तक मुलांना आरंभीच सांगते. कलेचा अर्थ सांगण्याऐवजी ते कलेची कृती शिकवते.

७/ मात्र हे पुस्तक निःपक्ष नव्हते. यादवी युद्धाच्या त्या काळात लाल रंग क्रांतीचा होता. लाल पाचर पांढऱ्या वर्तुळात घुसते, असे प्रसिद्ध प्रचारचित्र लिसित्स्कींनी त्याच सुमारास काढले होते. मुलांच्या हातांना मोकळीक होती. गोष्टीचा शेवट मात्र आधीच ठरलेला होता.

८/ पुढे १९३२ मध्ये सोव्हिएत सत्तेने स्वतंत्र कलासंघटना विसर्जित केल्या आणि अमूर्त कला मागे ढकलली गेली. ज्या क्रांतीचा विजय या पुस्तकाने मुलांना सांगितला, तिच्याच राज्यात अशा चौरसांना जागा उरली नाही. म्हणून हे पुस्तक दोन अंगांनी वाचावे : मुलांच्या बुद्धीवर टाकलेला मोठा विश्वास म्हणून, आणि त्या विश्वासाला राजकारणाने घातलेली मर्यादा म्हणूनही.