विश्वासू हातांची नावे

भूगोलाच्या तासाला आफ्रिकेच्या शोधाची गोष्ट सांगत मी फळ्यावर बर्टन, लिव्हिंग्स्टन, स्टॅन्ली अशी नावे लिहिली. तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, त्यांचे सामान कोण वाहत होते?"

मी गोंधळलो. वाचकहो, त्याचे उत्तर आम्हां भायखळेकरांना फार दूर शोधावे लागत नाही.

आमच्या राणीच्या बागेतल्या म्युझियमची कोनशिला १८६२ साली ज्याने बसविली, तो गव्हर्नर बार्टल फ्रियर लिव्हिंग्स्टनचा चाहता. १८६४ च्या जूनमध्ये लिव्हिंग्स्टन 'लेडी न्यासा' ही आपली छोटी आगबोट झांझिबारहून ४५ दिवसांत मुंबईला घेऊन आला. बोटीवर चुमा नावाचा मुलगा होता, गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या तावडीतून सोडविलेला. त्याला डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनच्या शाळेत ठेवले. सुसी हा दुसरा सोबती मुंबईच्या गोदीत कामाला लागला.

असेच सोडविलेले आफ्रिकन मुलगे नाशिकजवळ शरणपूरला राहत. तेथे ते अक्षरे गिरवीत, सुतारकाम, लोहारकाम शिकत. १८६६ च्या जानेवारीत लिव्हिंग्स्टन मुंबईहून निघाला, तेव्हा त्यांतले नऊ जण त्याच्याबरोबर गेले. वाटेत काही सोडून गेले. १८७२ साली स्टॅन्लीने पाठविलेल्या माणसांत नाशिकचाच जेकब वेनराइट होता.

१८७३ च्या मे महिन्यात चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. त्याला तिथेच पुरून मोकळे होणे सोपे होते. पण चुमा, सुसी आणि मंडळींनी त्याचे हृदय झाडाखाली पुरले, जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव कोरले. देह मीठ लावून उन्हात वाळविला, साल आणि शिडाच्या कापडात गुंडाळला. वाटेत भेटलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने 'इथेच पुरा' म्हणून सांगितले. त्यांनी ऐकले नाही. हजाराहून अधिक मैल चालून १८७४ च्या फेब्रुवारीत ते समुद्राला पोहोचले. जेकब देहाबरोबर इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला त्याचाही हात लागला.

त्या कबरीवरच्या शिळेत विश्वासू हातांचा उल्लेख आहे. पण नावे? एकही नाही!

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर आधीच्या नावांखाली चुमा, सुसी, जेकब अशी तीन नावे लिहिली. मागच्या बाकावरच्या पोराने ती वहीत उतरून घेतली.