चाल डोक्यात का बसते?

हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारच्या मोंढ्यात हंगामाला ट्रॅक्टरांची रांग लागते, तेव्हा मडगार्डवर बसवलेल्या स्पीकरांतली गाणी एकमेकांत मिसळत असतात. रांगेत ताटकळलेला माणूस ती लक्ष देऊन ऐकतोच असे नाही. पण संध्याकाळी घरी हातपाय धुताना त्यांतलीच एखादी ओळ त्याच्या तोंडी येते, आणि कोणी ऐकले तर तो ओशाळतो. या साध्या प्रसंगात दोन घटना गुंतल्या आहेत: चाल डोक्यात बसणे आणि तिची लाज वाटणे. पहिलीचे कारण गाण्याच्या घडणीत व मेंदूत सापडते, दुसरीचे समाजात. दोन्हींची गल्लत झाली की ‘गाणे सवंग, म्हणूनच ते तोंडात बसते’ असा निष्कर्ष निघतो. तो मला चुकीचा वाटतो.

आधी घडण पाहू. डोक्यात घोळत राहणाऱ्या चालीला जर्मन भाषेत ‘कानातला किडा’ अशा अर्थाचा शब्द आहे. इंग्लंडमधील संशोधक केली जाकुबोव्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये अशा चालींचा अभ्यास मांडला. डोक्यात अडकणारी गाणी तुलनेने जलद लयीची निघाली. त्यांच्या चालीचा चढउतार ओळखीच्या वळणाचा होता, मात्र त्यात कुठेतरी अनपेक्षित झेप किंवा नेहमीपेक्षा जास्त पुनरावृत्ती होती. ठेक्याचेही असेच आहे. मारिया विटेक आणि सहकाऱ्यांच्या 2014 च्या प्रयोगात, ज्या ठेक्यात आघात मध्यम प्रमाणात चुकवलेले असतात, त्यावर नाचण्याची इच्छा सर्वांत जास्त झाली. अगदी सरळ ठेका पाय हलवत नाही आणि फार गुंतागुंतीचा ठेका पायांना सापडत नाही. ऐकणाऱ्याचे मन पुढची मात्रा आधीच धरून बसलेले असते. ती थोडी हुलकावणी देऊन हाती लागते, त्यात आनंद आहे.

‘सैराट’ (2016) मधले ‘झिंगाट’ या कसोटीवर लावून पाहावे. ठेका वरातीचा, म्हणजे पायांना आधीच ठाऊक असलेला. शब्द बोलीतले, जिभेला न अडखळणारे. ध्रुवपदात एकच नाद पुन्हा पुन्हा आदळतो आणि शेवटी मोकळा सुटतो. ज्या चित्रपटाच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले, त्याच चित्रपटातले हे गाणे आहे. तेव्हा त्याचा रांगडेपणा ही कारागिराने विचारपूर्वक केलेली निवड आहे. चार मिनिटांत अनोळखी माणसांच्या गर्दीला एका लयीत आणणे किती अवघड असते, हे कुठल्याही बँडवाल्याला विचारावे.

पुनरावृत्तीला हलके मानणाऱ्यांनी याच हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीची आठवण ठेवावी. परंपरा नामदेवांचे जन्मस्थान म्हणून नर्सी दाखवते. वारकरी कीर्तनात ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते, टाळकरी ते उचलतात, लय हळूहळू चढते आणि ‘ज्ञानबा-तुकाराम’च्या गजरात शब्दांचा अर्थ मागे पडून नाद उरतो. वरातीतल्या आणि दिंडीतल्या गाण्यांचा हेतू एक आहे असे मी म्हणत नाही. मनाला धरून ठेवण्याची युक्ती मात्र तीच आहे, आणि ती या मातीत शेकडो वर्षे मुरली आहे.

मग गाणे टिकते कसे? रॉबर्ट झायन्स यांनी 1968 मध्ये दाखवून दिले की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी तिची आवड वाढते. डॅनियल बर्लाइन यांच्या विवेचनानुसार ही आवड एका टप्प्यानंतर उतरणीला लागते, ओळख फार झाली की कंटाळा येतो. आता ‘कोंबडी पळाली’ पाहा. ते ज्या चित्रपटातले, तो ‘जत्रा’ 2006 चा, आणि तरी वरातीत हे गाणे लागले की पोरे अंगणात उतरतात. यामागे लग्नसराईचा वाटा आहे असा माझा तर्क आहे. मुहूर्ताच्या महिन्यांत तेच गाणे कानीकपाळी वाजते, नको नकोसे होते. मग आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागतो, लग्ने थांबतात आणि गाण्यालाही विसावा मिळतो. तुळशीच्या लग्नानंतर ते परत येते तेव्हा कंटाळा विरलेला आणि ओळख शिल्लक असते. शिवाय वयाच्या दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधल्या आठवणी माणसाला पुढे विशेष ठळक आठवतात. बहिणीच्या हळदीत वाजलेल्या गाण्याशी ती हळदही बांधली जाते.

राहिली लाज. मराठी माणूस असलेले बाळकृष्ण केसकर 1952 मध्ये केंद्रात नभोवाणी मंत्री झाले आणि अभिरुची सुधारण्याच्या प्रामाणिक ध्यासातून त्यांनी आकाशवाणीवरची चित्रपटगीते आटवली. श्रोत्यांनी काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. त्याच वर्षी तिथे अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू करावी लागली. जर्मन विचारवंत अडोर्नो यांनीही 1941 मध्ये लोकप्रिय गाणी एका साच्याची असतात आणि श्रोत्याला निष्क्रिय करतात असा आक्षेप घेतला होता. साचा असतो, हे खरेच. पण हळदीच्या मांडवात स्वतः नाचणाऱ्या, शब्द बदलून गाणाऱ्या बायकांना निष्क्रिय कसे म्हणावे?

आपल्याकडे या लाजेला आणखी एक पदर आहे आणि तो बोलून दाखवला पाहिजे. वरातीतली हलगी परंपरेने मातंग समाजाने वाजवली. ‘कोंबडी पळाली’ गाणाऱ्या आनंद शिंदे यांचा आवाज प्रल्हाद शिंदे यांच्या घराण्यातला, भीमगीतांच्या मंचावर तापलेला. अनेक घरांत ‘हे आपल्यातले गाणे नव्हे’ असे म्हटले जाते, तेव्हा नकार सुरांना असतो की ते वाजवणाऱ्या हातांना, हे तपासायला हवे. वैशाली सामंत यांच्यासोबत त्यांनी गायलेल्या याच गाण्याची चाल ‘अग्निपथ’मध्ये (2012) ‘चिकनी चमेली’ होऊन हिंदीतून आली, तेव्हा तिच्यावर नाचताना कित्येकांचा संकोच गळून पडला. चाल बदलली नव्हती.

काही आक्षेप मात्र रास्त आहेत. बाईला वस्तू समजणारे शब्द, म्हाताऱ्यांची छाती धडधडवणारा डीजेचा आवाज, यांना विरोध झालाच पाहिजे. तो विरोध शब्दांना आणि आवाजाच्या पातळीला आहे. चाल तोंडात बसण्याला नाही.

चित्रपटगीतांप्रमाणे हार्मोनियमलाही आकाशवाणीने 1940 पासून तीन दशके दार बंद ठेवले होते. आपल्या रागसंगीताला ती शोभत नाही, असे कारण होते. आज गावात हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा पखवाजाशेजारी पेटी असते, आणि रात्री उशिरा एखादा पोरगा तिच्यावर हळूच वरातीतल्या गाण्याची चाल काढून पाहतो.