छायाप्रकाशाचे पहिले धडे

आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सावंतवाडी गांवीं दोन कला एकमेकींच्या शेजारीं नांदत आल्या आहेत. एक गंजिफेची. दशावतारी गंजिफेच्या १२० वाटोळ्या पानांवर मत्स्य, कूर्म, वराह शुद्ध रंगांनीं व ठसठशीत रेषांनीं उमटतात. परंतु त्यांपैकीं कोणाचीहि सावली जमिनीवर पडत नाहीं. दुसरी कला लांकडी फळांची. तेथें गोलाई रंगानें द्यावी लागत नाहीं. ती लांकडांतच असते. सपाट कागदावर केवळ पेन्सिलीनें तशी गोलाई आणण्याची तिसरी विद्या मात्र येथें निराळ्या वाटेनें आली. ती वाट शाळेच्या चित्रकलेच्या वर्गांतून जाते.

१८५७ सालीं मुंबईस सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना झाली. तेथील शिक्षणावर लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीची छाप होती. आधीं मुक्तहस्त रेषा, मग भूमिति, मग ठोकळा, शंकु, दंडगोल, चेंडू, आणि त्यानंतर प्लॅस्टरच्या मूर्ति. एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांबरोबर ही शिस्त शाळांत पोंचली, आणि त्या परीक्षा महाराष्ट्रांत अद्याप होतात. त्यांच्या श्रेणीबद्दल शालान्त परीक्षेंत वाढीव गुण मिळूं लागल्यापासून चित्रकलेचें प्रेम घरोघरीं एकाएकी वाढलें, ही गोष्ट वेगळी!

या शिस्तीला पुष्कळ दूषणें लागलीं, व तीं सर्वच खोटीं नव्हतीं. फळ्यावरची आकृति पाहून वर्गांतल्या सर्व मुलांनीं एकसारखे चेंडू काढले, तर त्यांत डोळ्याला काम कोणतें? परंतु तोच चेंडू खिडकीशीं ठेवून मुलाला समोर बसविलें कीं प्रकार पालटतो. मूल प्रथम कडा काळी करतें. परीघ जोरानें गिरवतें, आणि चेंडूची थाळी होते. नीट पाहिल्यावर त्याला दिसतें कीं, सर्वांत गडद भाग कडेला नसून कडेच्या किंचित् आंत आहे. कारण खालच्या मेजावरून परतलेला उजेड कडेला पुन्हा उजळवितो. ठोकळ्यावर छटा धारेशीं एकदम बदलते, दंडगोलावर ती हळूहळू उतरते. पडछाया वस्तूच्या पायाशीं दाट असते व दूर जातां जातां विरते. सर्वांत कठीण गोष्ट ही कीं, उजेड काढावयाचा नसतो, राखावयाचा असतो. कोरा कागद हाच तेथें उजेड. उतावळ्या हाताला हें राखणें फार जड जातें, आणि मागाहून रबरानें खोडून आणलेला उजेड मळकटच दिसतो.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचा जन्म १८८२ सालीं सावंतवाडीस झाला. शाळेंतच त्यांचा हात दिसून आला, आणि संस्थानाधिपतींच्या साहाय्यानें १९०३ सालीं ते जे. जे. स्कूलमध्यें दाखल झाले. तेथें धुरंधर शिकवीत होते. हळदणकरांनीं १९०८ सालीं मुंबईंत स्वतःची चित्रशाळा काढली. १९१८ सालीं आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेंतहि ते होते. त्यांचा विशेष जिव्हाळा जलरंगांशीं. पारदर्शक जलरंगांत पांढरा रंग वर चढवून चूक झांकतां येत नाहीं; पेन्सिलीच्या धड्यांतला तोच कोरा कागद तेथें पुन्हा राखावा लागतो.

१९४५-४६ च्या सुमारास त्यांनीं आपल्या कन्येला समोर उभें करून ‘ग्लो ऑफ होप’ हें चित्र जलरंगांत केलें. तरुणीच्या एका हातांत दिवा आहे, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा आहे. चेंडूच्या धड्यांतील खिडकी येथें नाहीं. उजेड खालून येतो. त्यामुळें हनुवटी, गाल, पापण्या यांवरील छटांचा नेहमींचा क्रम उलटा झाला आहे, बोटांच्या कडा आंतून तांबूस झाल्या आहेत, आणि पाठीमागें अंधार आहे. हें चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांतील संग्रहांत आहे. कित्येक प्रेक्षक तें रविवर्म्याचें समजून पाहत आले. रविवर्मा १९०६ सालींच निवर्तले होते, आणि त्यांची कीर्ति होती तैलरंगांची.