फ्लेअर (तळटीप)

उष्णतावेधी क्षेपणास्त्राला चकवण्यासाठी विमानातून सोडायची मॅग्नेशियम-टेफ्लॉनची जळती कांडी. २८ मे १९९९ रोजी कारगिल युद्धात तोलोलिंगजवळ स्टिंगर क्षेपणास्त्राने पाडलेल्या भारतीय हवाई दलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरवर ही सोय नव्हती, चौघे गेले. अवजड वाहतूक विमानाला झटकन गिरकी घेता येत नाही, त्यामुळे त्याची भिस्त अशा कांड्यांवर अधिक. शिंदखेड्याचा वाचक विचारेल, वैशाखातल्या आमच्या उन्हाने क्षेपणास्त्र गोंधळणार नाही का? तापल्या जमिनीने फारसे नाही, इंजिनाचा झोत शेकडो अंशांचा असतो. सुरुवातीची क्षेपणास्त्रे मात्र खुद्द सूर्याच्याच मागे लागत. नवी क्षेपणास्त्रे दोन तरंगलांबींची तुलना करून साधी फ्लेअर ओळखतात. मग लेसरने त्यांचे डोळे दिपवावे लागतात. अमेरिकेने २०१९ मध्ये भारताच्या अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठीच्या दोन बोइंग ७७७ विमानांकरिता मंजूर केलेल्या यंत्रणेत हीच सोय आहे.