'एस्कलेट' म्हणजे नेमकं काय? युद्धाच्या बातमीत एक अर्थ, ऑफिसच्या ईमेलमध्ये दुसरा

७ मे २०२५ ची सकाळ आठवा. ऑपरेशन सिंदूरची माहिती देणाऱ्या सरकारी निवेदनात एक शब्द होता, 'नॉन-एस्कलेटरी'. म्हणजे काय? तर दहशतवादी तळांवर हल्ला केलाय, पण पाकिस्तानी लष्कराच्या ठिकाणांना हात लावलेला नाही. भांडण आणखी वर न्यायचा आमचा इरादा नाही.

यातलं 'वर नेणं' महत्त्वाचं, कारण हा शब्द आलाय चक्क सरकत्या जिन्यावरून. लॅटिनमध्ये 'स्काला' म्हणजे शिडी. त्यावरून अमेरिकेत 'एस्कलेटर' हे नाव तयार झालं आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तो जिना जगाने पाहिला. ओटिस कंपनीकडे असलेला या नावाचा ट्रेडमार्क १९५० मध्ये रद्द झाला. 'एस्कलेट' हे क्रियापद 'एस्कलेटर'नंतर आलं. शीतयुद्ध आणि व्हिएतनाम युद्धाच्या काळात ते बातम्यांमध्ये रुळलं. हर्मन कान या अमेरिकन अभ्यासकाने तर १९६५ मध्ये संघर्षाची ४४ पायऱ्यांची शिडीच मांडली. अणुयुद्ध एकदम होत नाही, पायरी पायरीने तिथवर जातं, हा त्याचा मुद्दा.

म्हणूनच 'एस्कलेट'चं भाषांतर 'विकोपाला जाणं' असं केलेलं दिसलं की खटकतं. विकोप म्हणजे शेवट. एस्कलेट म्हणजे अजून एक पायरी वर. 'चिघळणं' किंवा 'तणाव वाढणं' जास्त जवळचं. त्यामुळे 'तणाव एस्कलेट झाला' अशी ओळ वाचून 'युद्ध सुरू झालं' असं फॉरवर्ड करू नका. उलट शब्द 'डी-एस्कलेट', म्हणजे तणाव निवळणं. १० मे रोजी गोळीबार आणि लष्करी कारवाई थांबवण्यावर सहमती झाली, ते डी-एस्कलेशन.

आता ऑफिसकडे या. 'मी हे मॅनेजरकडे एस्कलेट करते' यात भांडण असेलच असं नाही. प्रश्न आपल्या पातळीवर सुटत नाही, म्हणून वरच्याकडे पाठवला, इतकंच. (तरी ईमेलमध्ये हा शब्द दिसला की पोटात गोळा येतो, ते वेगळं!) ग्राहक म्हणून मात्र हा शब्द तुमच्या कामाचा आहे. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर ती रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे नेता येते. हेसुद्धा एस्कलेशनच.

मराठीत बोलताना फरक ओळखायची एक सोपी खूण आहे. वाद बहुतेकदा एस्कलेट 'होतो', तक्रार एस्कलेट 'केली' जाते.