खुश्कीची वाट

कोलाड स्थानकावर कोकण रेल्वेची एक आगळी सोय आहे. 1999 सालापासून येथून गोव्यातील वेर्ण्यापर्यंत मालाने भरलेले ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून नेले जातात आणि चालक आपल्याच केबिनमध्ये बसून प्रवास करतो. घाट, वळणे आणि खड्डे टळतात. कोलाडवरून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण 2011 साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. गोव्यापर्यंतच्याच रस्त्याचा आम्हा कोकणवासीयांना इतका धसका, तर रस्त्याने जगाची प्रदक्षिणा करायला निघालेल्या माणसांना कशाला तोंड द्यावे लागले असेल?

आम्हा कोकणी मुसलमानांना दूरदेश म्हटला की दर्या आठवतो. आमचे वाडवडील जहाजांवर नोकरीला गेले आणि हजलाही जहाजानेच गेले. मुंबईहून जाणारी हजची जहाजे 1995 साली बंद झाली. खुश्कीच्या वाटेची ओळख मात्र आम्हाला बहुधा पुस्तकांतूनच झाली. उर्दू शाळेत सफरनामा शिकवताना इब्ने बतूताचे नाव हमखास निघते. 1325 साली तो मोरोक्कोतील तंजा शहरातून हजसाठी निघाला आणि पुढची सुमारे एकोणतीस वर्षे फिरत राहिला. मिसर आणि शामच्या दरम्यान कतिया नावाचे ठाणे होते. परवान्याशिवाय तेथून कोणालाही पुढे जाता येत नसे. रात्री वाळू सपाट केली जाई आणि सकाळी तिच्यावर पावलांच्या खुणा दिसल्या तर माणसाचा माग काढला जाई, असे त्याने नोंदवले आहे. म्हणजे कागदाची अडचण आजची नाही. पुढे हिंदुस्थानात कोईल, म्हणजे आजच्या अलीगढजवळ, तो लुटारूंच्या हाती सापडला. कसाबसा सुटून उपाशीतापाशी भटकत असताना एका अनोळखी माणसाने त्याला खांद्यावर घेऊन गावात पोहोचवले.

आपल्या मुंबईचे उदाहरण याहून जवळचे आहे. 15 ऑक्टोबर 1923 रोजी सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे 18 मार्च 1928 रोजी प्रवास पूर्ण करून परतले. उरलेल्या तिघांची साथ वाटेतच सुटली. एक जण तेहरानहून मागे फिरला, दुसरा अमेरिकेत राहिला. सुमारे 71,000 किलोमीटरचा हा प्रवास. महासागर अर्थातच जहाजाने ओलांडावे लागले. बगदाद ते हलब, म्हणजे अलेप्पो, हे वाळवंटातले 956 किलोमीटर त्यांनी 23 दिवसांत कापले. पाणी, सावली आणि रस्ता या तिन्हींची वानवा होती. त्यांच्या प्रवासवर्णनाला पुढे पंडित नेहरूंनी प्रस्तावना लिहिली.

या साहसाचे कौतुक करताना एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. मुंबईहून निघून पंजाब आणि बलुचिस्तान ओलांडेपर्यंत त्यांना एकही परका देश लागला नाही. पहिली सरहद्द इराणची आणि दुसरी इराकची. एकसारख्या पासपोर्ट-पुस्तिकेचा नमुनाही पॅरिसच्या परिषदेत 1920 साली, म्हणजे अवघ्या तीन वर्षांपूर्वी ठरला होता. त्या काळी खरी कठीण होती ती जमीन.

पुढे हे पारडे फिरले. रस्ते सुधारले तशी 1957 साली लंडनहून कलकत्त्यापर्यंत प्रवासी बस आली. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान या वाटेने असंख्य तरुण हिंदुस्थानात येऊ लागले. मग 1979 साली इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ती वाट मोडली. डांबर शाबूत होते, पण जाणे-येणे संपले.

आज मोटार किंवा मोटारसायकल घेऊन निघणाऱ्याला तयारीची सुरुवात कागदांपासूनच करावी लागते. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना पेणच्या आरटीओतूनही मिळतो, पण त्याची मुदत एक वर्षाची. इराणसारख्या देशात गाडी नेण्यासाठी ‘कार्ने’ नावाचा दस्तऐवज लागतो. गाडी त्या देशात विकली जाणार नाही, परत बाहेर नेली जाईल, याची ती हमी असते आणि त्यासाठी गाडीच्या किमतीच्या प्रमाणात मोठी रक्कम अडकून पडते. चीनमध्ये परदेशी गाडी न्यायची तर स्थानिक परवाना आणि सोबत वाटाड्या लागतो. आणि एवढे सारे जमवूनही दार बंद असू शकते. 2020 साली कोरोनामुळे आणि 2021 साली लष्करी उठावामुळे म्यानमारची वाट खुंटली. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीची चौकी बंद करण्यात आली. निष्पाप पर्यटकांचे प्राण घेणाऱ्यांनी शेजाऱ्यांमधली उरलीसुरली वाटही बुजवली.

आम्हाला वाटते, जग जवळ आले असे आपण म्हणतो ते अर्धेच खरे आहे. विमानाने ते जवळ आले, पण जमिनीवरून दूर गेले. विमानाचा प्रवासी मधल्या मुलखावरून उडून जातो. रस्त्याच्या प्रवाशाला मात्र प्रत्येक गावात कोणाकडे तरी पाणी मागावे लागते, वाट विचारावी लागते, कोणावर तरी विश्वास टाकावा लागतो. दुसऱ्या देशाचा माणूस त्याला बातमीतून नव्हे, दारातून भेटतो. आपल्याकडे जकातीच्या हक्कदारांत मुसाफिराचाही समावेश आहे. घरी सुखवस्तू असलेला माणूसही वाटेत मोहताज होतो, हे त्यात ओळखले आहे.

म्हणून वर्गात नकाशा टांगला की मुलांना एक हिशेब जरूर करायला लावावा. 1923 साली मुंबईहून बगदादला जाताना किती सरहद्दी लागत? दोन. आज किती? तीन. सरहद्द एकच वाढली आहे. पण वाळवंट 23 दिवसांत ओलांडता आले आणि ही एक सरहद्द पाऊणशे वर्षांनंतरही ओलांडणे इतके अवघड का, हा प्रश्न मुले आपणहून विचारतील. त्यांना उत्तर देताना भूगोल पुरत नाही, इतिहासच उघडावा लागतो.