कोल्हापूरचा टाऊन हॉल आणि ब्रह्मपुरीचा धातुसंचय

ब्रह्मपुरीच्या उत्खननाचा वृत्तान्त पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५२ साली प्रसिद्ध केला. डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांचा हा ग्रंथ येथील विद्यार्थ्यांच्या परिचयाचा असतो. ब्रह्मपुरीच्या वस्तू मात्र कोल्हापुरास जाऊन पाहाव्या लागतात, आणि त्या पाहावयाच्या त्या एका गॉथिक धर्तीच्या सभागृहात.

हे सभागृह म्हणजे कोल्हापूरचा टाऊन हॉल. १८७२ ते १८७६ या काळात तो बांधला गेला. आराखडा चार्ल्स मँट या लष्करी स्थापत्यविशारदाचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा व बडोद्याचा लक्ष्मीविलास यांचे आराखडेही त्याचेच होत. टोकदार कमानी विलायती, तर दगड इथला काळा. नगराच्या सभांसाठी उभारलेली ही वास्तू पुढे वस्तुसंग्रहालयाच्या कामी आली. १९४६ साली स्थापन झालेले संग्रहालय १९४९ साली येथे आणण्यात आले. त्याच वर्षी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

या संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची लहानशी कांस्यमूर्ती. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील रोमन व्यापाराचा पुरावा म्हणून तिचा उल्लेख वारंवार होतो. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. डेक्कन कॉलेजचे शास्त्रशुद्ध उत्खनन १९४५-४६ मधील. ही मूर्ती ज्या धातुसंचयात मिळाली तो त्यापूर्वीच, प्रा. कुंदणगार यांच्या खटपटीने, हाती आला होता. कार्ल खंडालावाला यांनी १९६० साली त्याचे परीक्षण केले तेव्हा त्याला कुंदणगारांचेच नाव दिले. उत्खननात थर मोजले गेले; सातवाहन वस्ती कोठे संपते व बहमनी वस्ती कोठे लागते हे त्यांवरून सांगता येते. संचयाच्या बाबतीत हा आधार उपलब्ध नाही. त्याचा काळ मुख्यतः शैलीवरून व सोबतच्या वस्तूंवरून ठरवावा लागतो.

हा भेद किरकोळ नव्हे. एखाद्या सधन गृहस्थाने पुरून ठेवलेली ठेव आणि तांबटाने आटविण्यासाठी जमविलेली मोड या दोहोंचा अर्थ अगदी वेगळा होतो. मूर्ती रोमन जगातून आली हे मान्य केले, तरी ती येथे पूजिली गेली, शोभेस ठेवली गेली, की केवळ वजनावर विकली गेली, याचे उत्तर मूर्ती देत नाही. ते देणारी माती होती. एकाच दालनात मांडणी झाली की दोन्ही प्रकारचे अवशेष सारख्याच अधिकाराने बोलू लागतात; हा दोष या संग्रहालयाचा नसून काचेच्या कपाटाचाच होय.

अबालाल रहिमान, बाबूराव पेंटर आदींच्या चित्रांमुळे येथे येणाऱ्यांचे लक्ष बहुधा तिकडेच वळते. तो विषय निराळा. पुराभिलेखाच्या विद्यार्थ्याने मात्र १९५२ चा ग्रंथ हाती घेऊन प्रथम पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर जावे, आणि मग टाऊन हॉलची पायरी चढावी.